रात्रपाळीच्या मावशींनाही हे शिकवायला हवे

महोदय,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस व पॅलिएटिव्ह केअर दिन (पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचे दुखणे आणि त्रास कमी करणारी सेवा, आणि हॉस्पिस म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी अशी सेवा देणारी जागा) पाळला जातो आणि त्या सुमारास असाध्य आजाराच्या रुग्णांना मॉर्फिन हे तीव्र वेदना शमवणारे औषध वेळेवर मिळते का, त्यांच्यासाठी खाटा किती आहेत, घरी जाऊन सेवा देणारी पथके कुठवर पोहोचतात, याविषयी वर्तमानपत्रांतून दोन-चार दिवस बरेच लिहून येते. ते यायलाच हवे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनची वाट इतकी बिकट करून ठेवली होती की २०१४ साली त्यात दुरुस्ती होऊनही अनेक रुग्णालये ते औषध ठेवायला कचरतात, आणि ज्याचे दुखणे थांबलेले नाही त्याला मनःशांतीच्या गोष्टी सांगणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. परंतु दुखणे आटोक्यात आल्यावर रुग्ण ज्या प्रश्नांपाशी येऊन थांबतो, त्यांच्याकडे आपल्या सेवेचे लक्ष जवळजवळ नाही. आधी परिचारिका म्हणून आणि पुढे परिचर्या महाविद्यालयात शिकवताना माझी नोकरीची बहुतेक वर्षे ठाणे आणि नवी मुंबईतील वॉर्डांत गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे आध्यात्मिक आधार आणि त्याचे कर्मचाऱ्यांना द्यावयाचे शिक्षण या विषयावर लिहीत आहे.

हा भाग कोणाची हौस म्हणून या सेवेत आलेला नाही. परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घरादाराची काळजी आणि आपल्या जगण्याला काही अर्थ होता का ही टोचणी या चारही गोष्टी मरणाच्या वाटेवरील माणसात एकमेकींत गुंतलेल्या असतात, अशी त्यांची मांडणी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या व्याख्येत शारीरिक आणि मनोसामाजिक प्रश्नांच्या बरोबरीने आध्यात्मिक प्रश्नांचाही स्पष्ट उल्लेख आहे. वांद्र्याला देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये उभे राहिले. म्हणजे ही कल्पना ठाण्याच्या उंबऱ्याशी येऊन बराच काळ लोटला. तरीही वॉर्डात आध्यात्मिक आधार म्हटले की गुरुवारी येणारे भजनी मंडळ, भिंतीवरची तसबीर आणि संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या स्वयंसेविका एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यांचे येणे गोडच असते, परंतु रुग्णाला जे विचारायचे असते ते तो भजनी मंडळाला विचारत नाही.

मग तो कोणाला विचारतो? डॉक्टरांचा राउंड सकाळी दहाला, समुपदेशक असलीच तर संध्याकाळी पाचपर्यंत. ‘माझ्याच वाट्याला हे का’, ‘मुलीशी दहा वर्षे बोललो नाही, आता बोलावले तर येईल का’, ‘मी गेल्यावर माझे काय उरेल’ हे प्रश्न पहाटे स्पंजिंग चालू असताना निघतात, कारण पाठ पुसताना रुग्णाला भिंतीकडे कुशीवर वळवलेले असते आणि समोरच्याचा चेहरा दिसत नसला की बोलणे सोपे जाते. त्या वेळी त्याच्या पाठीवर ज्यांचा हात असतो त्या असतात मावशी किंवा वॉर्डबॉय. रुग्ण घरी असेल तर ब्युरोतून, म्हणजे घरगुती रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, बारा तासांच्या पाळीवर आलेली बाई असते. म्हणजे या सेवेतील सर्वांत अवघड प्रश्न ज्यांना कोणी काहीच शिकवलेले नाही त्यांच्याकडे जातात, आणि ठरलेले उत्तर मिळते : ‘असं बोलू नये. काही होत नाही तुम्हाला. देवाचं नाव घ्या.’ त्यात माया असते यात शंका नाही. पण रुग्ण पुन्हा तो विषय काढत नाही.

याच्या उलट घडलेलेही मी पाहिले आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात असलेल्या एक आगरी आजी होत्या. दर चार तासांनी मॉर्फिन चालू होते, दुखणे बऱ्यापैकी ताब्यात होते, पण रात्र झाली की त्या दिवा मालवू देत नसत आणि पहाटेपर्यंत टक्क जाग्या राहत. झोपेची गोळी सुरू करण्याचे चालले होते. एके रात्री चादर बदलायला आलेल्या मावशींनी काम झाल्यावर स्टूल ओढले, त्या बसल्या आणि ‘आजी, जीव कशात अडकलाय?’ एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने आजींनी सांगितले की नातवासाठी कार्ल्याच्या एकवीरेला बोललेला नवस फेडायचा राहून गेला आहे आणि हा आजार त्याचाच कोप आहे. मावशींनी ‘असं काही नसतं’ म्हटले नाही आणि ‘हो, तसंच असेल’ असेही म्हटले नाही. ‘मी सिस्टरांना सांगू का? त्या तुमच्या मुलाशी बोलतील,’ असे विचारून, आजींची मान हलल्यावरच त्यांनी ते सिस्टरांच्या कानावर घातले. पुढच्या रविवारी मुलगा आणि सून ओटी घेऊन कार्ल्याला जाऊन आले. यामुळे वेदना कमी झाली असा दावा मी करणार नाही. मॉर्फिनची मात्रा होती तेवढीच राहिली. आजी दिवा मालवू देऊ लागल्या, एवढे मात्र नोंदवते. मावशींनी जे केले ते नेमके प्रशिक्षणात शिकवण्यासारखे होते : बसणे, एकच प्रश्न विचारणे, आपले मत मध्ये न आणणे, परवानगी घेणे आणि योग्य व्यक्तीपर्यंत निरोप पोहोचवणे. त्यांना ते उपजत येत होते. रुग्णसेवा अशा योगायोगावर सोडता येत नाही.

कारण त्याच चांगुलपणातून, शिक्षण नसेल तर, जखमही होते. एका नर्सिंग होममध्ये अखेरच्या क्षणी एका आयाबाईंनी पर्समधील बाटलीतून गंगाजल काढून तुळशीपत्रासह रुग्णाच्या मुखी घातले. कुटुंब बौद्ध होते. ज्यांच्या घरी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आचरल्या जातात, त्यांच्या वडिलांच्या बाबतीत शेवटच्या घटकेला नेमके तेच केले गेले जे त्यांनी आयुष्यभर निग्रहाने दूर ठेवले होते. मुलगा काही बोलला नाही. नंतर बिल भरताना त्याने एवढेच विचारले, ‘आमच्यापैकी कोणाला विचारायला किती वेळ लागला असता?’ ज्या शहरात कौपिनेश्वराचे देऊळ, पोर्तुगीज काळातील चर्च, बेने इस्रायली समाजाचे १८७९ पासूनचे सिनेगॉग, राबोडीतल्या मशिदी आणि टेंभी नाक्याचे जैन मंदिर एकमेकांपासून फार दूर नाहीत, तिथे आडनावावरून अंदाज बांधणे परवडणारे नाही. मुस्लिम रुग्णाच्या मृतदेहाला स्नान कोणी घालायचे आणि दफनाची घाई का असते, हे माहीत हवे. जैन घरातील वृद्धाने अन्न नाकारले तर ते आजारामुळे मंदावलेल्या भुकेमुळे आहे, नैराश्यामुळे आहे की संथाऱ्याच्या, म्हणजे अन्नत्याग करून मृत्यू स्वीकारण्याच्या, संकल्पामुळे, हे शांतपणे समजून घ्यायला हवे. संथाऱ्यावर २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या मनातील भीतीही खरी आहे. आणि जो देव मानत नाही त्याचे काय? आपल्याकडे विवेकवादी विचाराची माणसे घरोघरी आहेत. अशा निवृत्त शिक्षकाला ‘नामस्मरण करा सर’ म्हणणे हा त्याचा अपमान आहे. त्याचा आध्यात्मिक प्रश्न कदाचित देहदानाचा अर्ज नीट भरला आहे ना आणि मृत्यूनंतर नेत्रदानासाठी सहा तासांच्या आत फोन कोण करणार, हा असेल. त्याचे उत्तर देणे हीच त्याची सेवा होय.

अभ्यासक्रमात हे नाही असे म्हणता येणार नाही. परिचारिकांच्या निदानांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘आध्यात्मिक क्लेश’ हे निदान १९७८ पासून आहे आणि आमच्या विद्यार्थिनी ते केअर प्लॅनमध्ये लिहितातही. पण कसे? वरच्या वर्गातील ताईच्या फाइलवरून ‘रुग्णास आध्यात्मिक आधार द्यावा’ ही ओळ वर्षानुवर्षे उतरत आली आहे. तो आधार म्हणजे काय करायचे, कोणते वाक्य बोलायचे, कुठे गप्प बसायचे, हे विचारले की वर्गात शांतता पसरते. इंजेक्शन देणे आधी डमीवर शिकवतात, मग देखरेखीखाली. मरणाविषयी बोलायला मात्र एकदम खऱ्या माणसासमोर उभे करतात.

शिकवायचे कसे याचे नमुने उपलब्ध आहेत. ब्रिटनमधील मेरी क्युरी या असाध्य रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेने २००३ मध्ये आध्यात्मिक आणि धार्मिक आधारासाठी लागणाऱ्या क्षमतांची चार स्तरांत विभागणी केली. रुग्णाशी ओझरता संबंध येणारे कर्मचारी आणि स्वयंसेवक पहिल्या स्तरावर. कामामुळे ज्यांचा रुग्णांशी आणि कुटुंबांशी सतत संबंध येतो ते दुसऱ्या. रुग्णांच्या गरजा तपासून उपचारांचे नियोजन करणारे तिसऱ्या. आणि हीच ज्यांची मुख्य जबाबदारी ते चौथ्या स्तरावर. यातील शहाणपण मला पहिल्या स्तरात दिसते. सफाई कामगारालाही काहीएक समज हवी, हे तिथे गृहीत धरले आहे. आपल्याकडे नेमके उलट होते : कार्यशाळा भरते, तिला डॉक्टर आणि मेट्रन जातात, प्रमाणपत्र फ्रेम होते आणि रात्रपाळीला काही बदलत नाही. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर डॉक्टर आणि परिचारिकांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते, तो चांगलाच आहे. त्याच्या खालच्या पायरीवर मराठीतून आणि तोंडी, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही बसता येईल असे काही नाही, हे माझे दुखणे आहे.

अमेरिकेतील डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी श्रद्धा, तिचे महत्त्व, आपली माणसे आणि सेवेत त्याची दखल अशा चार अंगांनी प्रश्न विचारण्याची एक पद्धत तयार केली आहे. ती शब्दशः मराठीत आणली की मुलाखत घेतल्यासारखी वाटते. आपल्याकडे ‘अडचणीत तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’, ‘कोणाला भेटावंसं वाटतं?’, ‘आम्ही काही करावं असं आहे का?’ असे विचारावे लागेल, आणि तेही चहा देताना, फॉर्म हातात न धरता. त्याच देशातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की ‘तुमच्या मनाला शांतता आहे का’ एवढा एकच प्रश्नही पुष्कळ काही उघडतो. ‘जीव कशात अडकलाय’ हा त्या मावशींचा प्रश्न यापेक्षा फार वेगळा नव्हता.

एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी शिकवावी लागेल. रुग्ण मध्यरात्री ‘आई न्यायला आली आहे’ म्हणू लागला की वॉर्डात दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. कोणी ‘आता वेळ आली’ म्हणून हात जोडते, तर कोणी त्याला झोपेचे इंजेक्शन द्यायला सांगते. दोन्हींच्या आधी लघवी तुंबली आहे का, ताप किंवा संसर्ग आहे का, रक्तातील कॅल्शियम वाढले आहे का, मॉर्फिनची मात्रा मूत्रपिंडांना झेपत नाही असे तर नाही ना, हे पाहणे हा त्याचा हक्क आहे. हे सगळे नीट असेल, आई दिसल्याने तो घाबरलेला नसेल आणि उलट निवांत असेल, तर तिला हाकलण्याची घाई कोणी करू नये. हा फरक ओळखणे डॉक्टर आणि सिस्टरांचे काम आहे. ‘आजोबा असं असं बोलत होते’ हे जसेच्या तसे, पदरचे न घालता सांगणे हे मावशींचे. त्यासाठी हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पुढच्यांकडे सोपवायच्या, वहीत जागा हवी. आज तिथे नाडी, ताप, लघवीचे माप आणि ‘झोप बरी’ एवढेच लिहिले जाते.

कुटुंबांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे रुग्णाच्या खोलीबाहेर, दाराला पाठ लावून, दबक्या आवाजात सांगितले जाते, ‘त्यांना काही माहीत नाही हं, तुम्ही बोलू नका.’ बहुतेक वेळा रुग्णाला सारे कळलेले असते आणि तोही मुलांसाठी न कळल्याचे सोंग आणत असतो. या दुहेरी नाटकात ज्याला माफी मागायची आहे, जमिनीचा तंटा मिटवायचा आहे किंवा एका बहिणीला शेवटचे भेटायचे आहे, त्याचे सगळे राहून जाते. कर्मचाऱ्याने कुटुंबाचा शब्द मोडून रुग्णाला परस्पर सांगावे असे मी म्हणत नाही, तो अधिकार त्याचा नाही. पण रुग्णाने थेट विचारले तर खोटे बोलण्याचीही सक्ती त्याच्यावर नसावी. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे परत विचारून ऐकून घेणे आणि ते टीमपर्यंत नेणे, हा मधला रस्ता सरावाने येतो. २०१९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांना जागा मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिची फळे ठाण्याच्या वॉर्डात पूर्णपणे दिसायला अवधी लागेल आणि तोवर माणसे थांबणार नाहीत.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगावरील उपचार आणि संशोधनाची संस्था असल्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कर्करुग्णांची कुटुंबे आसपास भाड्याच्या खोल्यांत आणि धर्मशाळांत राहतात. बंगालमधून किंवा आसाममधून आलेल्या माणसाला इथे आपला पुरोहित, मौलवी किंवा पास्टर ठाऊक नसतो. मराठी तर सोडाच, पुष्कळदा हिंदीही जेमतेमच येते. अशा वेळी कोणाला बोलवायचे याची अद्ययावत यादी, सर्व धर्मांची आणि विवेकवादी कार्यकर्त्यांचीही, वॉर्डातच हवी आणि रुग्णाने मागितल्याशिवाय त्यातील कोणालाही आत सोडू नये. मी हे मुद्दाम सांगते, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस हा उपदेशासाठी आयता सापडलेला श्रोता आहे असे मानणारे लोक सर्वच धर्मांत आहेत. हात जोडून ‘नको’ म्हणण्याचे बळ त्याच्यात राहिलेले नसते. ते त्याच्या वतीने वॉर्डाने म्हणावे.

कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मनाचा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. पहाटे पाचला गेलेल्या माणसाला साडेपाचला ‘सहा नंबरची बॉडी’ म्हणणारी मुलगी निर्ढावलेली असते असे नाही. सात नंबरला औषध देण्याची वेळ झालेली असते. महिन्यातून एकदा, ड्युटीच्याच वेळेत, कोणीतरी जाणत्याने अशा मुलींना बसवून त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. केरळमधील लोकसहभागाच्या पॅलिएटिव्ह चळवळीचे आपण नेहमी कौतुक करतो. तिथे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनाही रुग्णाच्या दारात पाठवण्यापूर्वी शिकवले जाते. पगारी माणसाला न शिकवता पाठवणारे आपण त्या कौतुकास कितपत पात्र आहोत, याचा विचार व्हावा.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची स्वतःची रुग्णालये आहेत आणि आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांमधून द्यावयाच्या सेवांत पॅलिएटिव्ह सेवेचाही समावेश आहे, त्यामुळे ‘हे आमच्या कक्षेत नाही’ असे कोणालाच म्हणता येणार नाही. सुरुवात मोठ्या इमारतीने करण्याची गरज नाही. कंत्राटी आया, वॉर्डबॉय, आशा सेविका आणि ब्युरोतून घरोघरी जाणाऱ्या बायका यांच्यासाठी छोट्या गटांत, प्रसंग रचून, अनुभवी सिस्टरांच्या देखरेखीखाली हे शिकवता येईल, आणि वर्षातून एकदाच न करता नवी माणसे येतील तसतसे करत राहावे लागेल, कारण या कामात माणसे टिकत नाहीत. ब्युरोंना नोंदणी आणि प्रशिक्षण यांची अट घालण्याचा विचारही दोन्ही शहरांनी करावा.

खर्चाची जी बाब कागदावर हमखास सुटते तीही लिहून ठेवते. ब्युरोच्या बाईला रोजावर पैसे मिळतात. प्रशिक्षणाला आली तर तिचा तो दिवस बुडतो, आणि कंत्राटी मावशींच्या मस्टरवर खाडा लागतो. दिवस बुडवून कोणीही येणार नाही आणि यावे अशी अपेक्षाही करू नये. प्रशिक्षणाचा दिवस हा हजेरीचा दिवस धरावा, ब्युरोच्या बायकांना त्या दिवसाचा रोज महापालिकेने द्यावा आणि ही तरतूद अंदाजपत्रकात पॅलिएटिव्ह सेवेच्या शीर्षाखालीच दाखवावी, अशी माझी दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

– एक निवृत्त परिचर्या-शिक्षिका, नौपाडा, ठाणे (पश्चिम)